बॅटरी चांगली होती, जोड सैल होता
आज सकाळी रंकाळ्यावर फिरून परतलो, तर गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येई आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत. नवी बॅटरी घ्यावी लागणार, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते, पण उद्यमनगरातून आलेल्या मिस्त्रींनी मीटर लावला तेव्हा १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज होती. “साहेब, दुखणं इथं आहे,” म्हणत त्यांनी निगेटिव्ह टर्मिनलचा क्लॅम्प दोन बोटांनी सहज फिरवून दाखवला. पॉझिटिव्हवर तर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली होती. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह खेचतो, आणि १५० अँपिअरला जोडातला अवघा ०.०२ ओहम रोधही ३ व्होल्ट खाऊन टाकतो, एवढे साधे गणित मला आधी सुचायला हवे होते.

त्यांनी निगेटिव्ह केबल आधी काढली (हा क्रम महत्त्वाचा, कारण मग पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही), खायच्या सोड्याच्या पाण्याने भुकटी धुतली, शिसे चकाकेपर्यंत ब्रशने घासले, क्लॅम्प आवळले आणि वरून व्हॅसलीन लावले. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. “पावसाळ्याआधी एकदा बघून घेत जावा,” एवढेच सांगून मिस्त्री पुढच्या कामाला निघून गेले.