मोठं पाकीट घेतलं की खरंच पैसे वाचतात का?

घरखर्चाचा हिशेब मी बारकाईने ठेवते हे ओळखीच्यांना माहीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. घरात लागणाऱ्या वस्तू एकदम जास्त घेतल्या तर पैसे वाचतात का? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. वाचतात, पण सगळ्याच वस्तूंवर नाही, आणि पाकिटावर छापलेल्या सवलतीइतके तर क्वचितच. कशावर वाचतील हे ओळखायचं असेल तर दराच्या आधी एक गोष्ट बघा: ती वस्तू घरात जास्त आली की तिचा वापर वाढतो का?

मोठं पाकीट स्वस्त पडायला खरी कारणं आहेत. डब्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्यात आठपट माल मावतो, पण डब्याला पत्रा मात्र चौपटच लागतो. माल भरणं, लेबल लावणं, फळीवर मांडणं, बिल करणं ही कामं लहान-मोठ्या दोन्ही पाकिटांना जवळपास सारखीच असतात. म्हणजे विकणाऱ्याचा खर्च नक्की कमी होतो. तो कमी झालेला खर्च तुमच्यापर्यंत पोचतो का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. काही वेळा मोठं पाकीट लहानापेक्षा दरात महाग असल्याचं संशोधकांनी 1970 च्या दशकापासून नोंदवलेलं आहे. मोठं म्हणजे स्वस्तच असं आपण गृहीत धरतो आणि भागाकार करत नाही. म्हणून किलोचा किंवा लिटरचा दर काढल्याशिवाय काहीही घेऊ नये. कपडे धुण्याच्या द्रावणासारख्या वस्तूला तर लिटरचा दरही पुरत नाही. एक घट्ट असतं, दुसरं पातळ. तिथे एका धुण्याला किती पडतं हे बघायचं.

एवढं केलं की दर कळतो, बचत अजून कळत नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब अर्धवट राहतो.

समजा मोठ्या पाकिटाचा दर 20 टक्के कमी आहे. भरलेला डबा समोर असला की हात सैल सुटतो. चमचा शिगोशीग भरला जातो, बाटली जरा जास्त वेळ दाबली जाते, आणि सांडलं तरी फारसं वाटत नाही. तुमचा वापर 25 टक्क्यांनी वाढला, तर सगळी सवलत तिथेच संपली. दिवसांत सांगायचं तर 30 दिवस पुरायला हवी असलेली वस्तू 24 दिवसांत संपली की तुम्ही लहान पाकिटाच्याच भावात आलात, आणि 22 दिवसांत संपली तर चक्क जास्त मोजलेत. सहा दिवसांचा फरक रोजच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच काम सांगते: पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख टाका. संपेल त्या दिवशी किमतीला दिवसांनी भागा. पाकिटावरच्या दरापेक्षा हा रोजचा खर्च जास्त खरा असतो.

सगळ्या वस्तूंचा वापर असा वाढत नाही. कुसुम ऐलावाडी आणि स्कॉट नेस्लिन या दोन संशोधकांनी 1998 मध्ये दही आणि टोमॅटो केचप यांच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवलतीत घेतलेला साठा घरात असला की दही जास्त खाल्लं जात होतं, केचपचा खप त्या मानाने फारसा हलत नव्हता. हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो. येता-जाता तोंडात टाकता येतं, ओतून घेता येतं, पाहुण्याला सहज पुढे करता येतं, ते सगळं दह्याच्या बाजूचं. मीठ, काडेपेटी, दिवे, कचऱ्याच्या पिशव्या, दात घासायचे ब्रश हे सगळं केचपच्या बाजूचं. घरात दहा दिवे ठेवले म्हणून कुणी जास्त दिवे जाळत नाही. खाऊ, सरबतं, बिस्किटं आणि सुगंधी साबणाची द्रावणं यांवर मोठ्या पाकिटातून बचत होते असं मला कधीच पटलेलं नाही. त्यांतून खाल्लं-वापरलं जास्त जातं, आणि तेच हवं असेल तर जरूर घ्या, पण त्याला बचत म्हणू नका.

दुसरी गोष्ट पैशाची. आज जास्त घेतलं म्हणजे उद्याचे पैसे आज दिले. समजा एखाद्या वस्तूवर वर्षाला 1200 खर्च होतात, महिन्याला 100. वर्षाचा साठा एकदम घेतला तर 10 टक्के सूट मिळते, म्हणजे 1080 द्यावे लागतात. महिन्याच्या महिन्याला घेतलं असतं तर आज 100 च गेले असते. म्हणजे 980 आगाऊ गेले आणि पुढच्या 11 महिन्यांत 1100 वाचले. ते 100-100 करून दर महिन्याला परत येत जातात, म्हणून अडकलेल्या पैशावर हा परतावा महिन्याला साधारण 2 टक्के पडतो. पैसे नुसते पडून असतील तर उत्तम. पण त्यासाठी महिना 3 टक्के व्याजाचं कर्ज काढलं, किंवा तेवढ्याच व्याजाची जुनी थकबाकी तशीच ठेवून साठा भरला, तर सवलत मिळूनही नुकसान झालं. आता तीच 10 टक्के सूट तीन महिन्यांच्या साठ्यावर मिळाली तर? आज 270, म्हणजे 170 आगाऊ, आणि पुढच्या दोन महिन्यांत 200 वाचले. हा परतावा महिन्याला 11 टक्क्यांच्या वर जातो. सूट तीच, फक्त पैसे कमी काळ अडकले. म्हणून सूट ज्या सर्वांत लहान साठ्यावर मिळते, तेवढाच साठा घ्यावा. दोन घेतल्यावर मिळणारी सूट सहा घेतल्याने वाढत नसेल, तर दोनवर थांबा.

कारखान्यांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 मध्ये, एका वेळी किती माल करावा याचं सूत्र मांडलं. दर वेळची तयारी महाग असेल तर एकदम जास्त करा, साठवणं महाग असेल तर थोडं थोडं करा. घरातही तेच. दुकान लांब असेल, जायला भाडं आणि अर्धा दिवस लागत असेल, तर सूट नसतानाही एकदम आणणं परवडतं. त्या सूत्रातून निघणारी एक गोष्ट मोठ्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावी: वापर चौपट असेल तर एका वेळची खरेदी चौपट नव्हे, दुप्पटच योग्य ठरते.

खराब होण्याबद्दल थोडक्यात. 20 टक्के सूट मिळालेल्या वस्तूचा पाचवा भाग फेकावा लागला की फायदा शून्य. मीठ आणि साखर कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात. कोंड्यासकट दळलेलं पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होतं, कारण अंकुरातलं तेल त्यात असतं. तेलाला उजेड, उष्णता आणि हवा तिन्ही सोसत नाहीत, आणि मोठा डबा रोज उघडला की हवा रोज आत जाते. मसाले अख्खे घ्यावेत, पूड केली की वास लवकर उडतो. जंतुनाशक ब्लीच बाटलीत पडून पडून कमजोर होतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. ते साठवणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि ते दिसायला तसंच राहतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही. औषधं तर कधीच सवलतीपोटी साठवू नयेत.

आता ज्यांचा विचार या चर्चेत सहसा होत नाही त्यांच्याबद्दल. "एकदम का घेत नाही, स्वस्त पडतं" हे हातात एकदम पैसे नसलेल्या माणसाला सांगणं मला क्रूर वाटतं. 2019 मध्ये येशिम ओर्हुन आणि माइक पालाझोलो यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तू मुद्दाम अशी निवडली की जी खराब होत नाही आणि साठा असला म्हणून जास्त वापरली जात नाही. कमी उत्पन्नाची कुटुंबं मोठी पाकिटं कमी घेत होती. घरात साठा नाही, त्यामुळे पुढची सूट येईपर्यंत थांबताही येत नव्हतं. संपलं की त्या दिवशी जो भाव असेल त्या भावात घ्यायचं. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असले की हा फरक कमी होत होता. म्हणजे या लोकांना हिशेब येत नाही असं नाही, पैसे वेळेवर हातात नसतात.

तुमची अडचण ही असेल तर एकदम सगळं भरायच्या मागे लागू नका. न बिघडणारी, वापर न वाढणारी एकच वस्तू निवडा आणि पुढच्या वेळी ती दोन महिन्यांची घ्या. तिच्यावर वाचलेले पैसे वेगळे ठेवून पुढच्या महिन्यात दुसऱ्या वस्तूला लावा. किंवा विश्वासातली दोन-तीन घरं मिळून मोठं पोतं घ्या आणि घरी नेण्याआधी तिथल्या तिथे वजन करून वाटून टाका. पैसे आधी गोळा करावेत, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही आणि उसनवारीवरून मनं बिघडत नाहीत. अशा वाटपाला धान्य, मीठ आणि साबणाच्या वड्या सोयीच्या. तेल आणि द्रावणं मात्र बंद बाटल्यांतच घ्या, ओतताना सांडतात आणि मापावरून वाद होतात.