हबारी या माचो? न्झुरी!

केनियातल्या ताइता डोंगरावर, वुंदान्यीला, आमचं डोळेतपासणीचं शिबिर होतं. मोंबासाच्या उकाड्यातून आलेल्याला तिथली थंडी बाधते. आयोजकांनी हातात एक कागद दिला होता: रोजची वाक्यं, स्वाहिलीत आणि तिथल्या किदाविदात. सकाळी ‘क्वावुका माना?’, म्हणजे नीट उठलात ना. आभाराला ‘चावुचा’. असले कागद रामरामापाशीच संपतात.

मी स्वाहिलीवर भागवत होतो. म्हाताऱ्या माणसांना ‘शिकामू’, त्यांचं ‘मरहबा’ आलं की लगेच ‘हबारी या माचो?’ हबारी म्हणजे आपली खबरच. डोळ्यांची काय खबर? उत्तर ‘न्झुरी’, छान. कार्डावर ‘तक्रार नाही’. रांग भराभर सरकत होती, मी खूश.

साठीची एक आजी आली. ‘न्झुरी.’ तिला दूरचंही प्लसच्या भिंगानेच स्पष्ट दिसलं. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. प्लसवाल्यांचा डोळा आखूड, आत जागा कमी. पण मी पडदा बघायला बाहुली मोठी करायचे थेंब हातात घेतले.

तेवढ्यात डोंगरातलीच आमची नर्स तिच्याशी किदाविदात बोलायला लागली. घर, गाय, मका, पाऊस. मी मनात चरफडतोय. मग आजीने भुवईवर बोट ठेवलं. संध्याकाळी इथे ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात.

थेंब खाली ठेवले. कानशिलाच्या बाजूने टॉर्च आडवा धरला: बुबुळाचा नाकाकडचा अर्धा भाग सावलीतच. डोळ्यातला दाब 34, एकवीसच्या वर आम्ही सावध होतो. ते थेंब पडले असते तर डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन बंद होऊन रात्रीत डोळा जाऊ शकला असता. लेझरसाठी तिला मोंबासाला पाठवलं.

नर्स म्हणाली, ‘‘हबारी काहीचीही विचारा डॉक्टर, उत्तर न्झुरीच येणार. दुखणं त्याच्यानंतर सांगतात. तुम्ही तिथवर थांबतच नाही.’’

आमची आजीही ‘कसं काय?’ला ‘बरंय’च म्हणायची, गुडघा निघायचा तासाभराने, चहा झाल्यावर. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

संध्याकाळी आयोजकांनी माझ्या स्वाहिलीचं कौतुक केलं. त्यांना डोकी मोजायची असतात. त्या आजीच्या आधी त्या सकाळी मी 43 कार्डं भरली होती.