तेलाच्या गुळण्या आणि माझ्या हिरड्या

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली, तरी साखरेचा हिरड्यांशी काही संबंध असतो हे मला ठाऊक नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुमारास दात घासताना रक्त येऊ लागले, तेव्हा सासूबाईंनी तिळाच्या तेलाच्या गुळण्या सुचवल्या. सांगलीत घराजवळच्या लाकडी घाण्यावरून तेल आणून मी रोज सकाळी अनशापोटी एक मोठा चमचा तोंडात धरून दहा मिनिटे खुळखुळवीत असे. आयुर्वेदात यालाच कवल म्हणतात. तोंड गच्च भरून न हलवता धरले, तर तो गंडूष. पांढरट, पातळ झालेले तेल न गिळता मी कागदात थुंकून केरात टाकत असे.

तोंडाची दुर्गंधी गेली, रक्तही कमी झाले आणि त्या समाधानात मी चार महिने दंतवैद्यांकडे फिरकले नाही. पुढे खालचा एक दात जिभेने ढकलला तरी हलू लागला, तेव्हा मिरजेला हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत सरकवून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत असते, त्या दाताशी माझी ७ भरली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ८.६ होते.

"काकू, तेल वरवर फिरतं. मुळाला चिकटलेलं कीटण दगडासारखं असतं, ते गुळणीनं निघत नाही," असे त्या म्हणाल्या. साखर वाढलेली राहिली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येणे अवघड होते, हेही त्यांनी समजावले.

हिरडी बधिर करून दोन खेपांत मुळांपर्यंत सफाई झाली. दोन्ही वेळा नाश्ता आणि गोळ्या नेहमीप्रमाणे घेऊनच यायला सांगितले होते. तीन महिन्यांनी बहुतेक ठिकाणची खोली ४ च्या आत आली आणि एचबीए१सी ७.९ झाले, मधल्या काळात गोळ्याही बदलल्या होत्या, त्यामुळे सारे श्रेय सफाईला देता येणार नाही. हलणारा दात मात्र काढावा लागला, कारण त्याच्याभोवतीचे हाड झिजले होते. ते चार महिने मला अजून सलतात.

गुळण्या मी सोडलेल्या नाहीत. त्यांच्यानंतर मऊ ब्रश आणि दातांच्या फटींसाठीचा छोटा ब्रश वापरते, आणि दर तीन महिन्यांनी मिरजेला जाऊन हिरड्यांची खोली मोजून घेते.