त्राकायची कराईम गल्ली आणि शापशाल संग्रहालय

लिथुएनियाची राजधानी विल्नियस येथून त्राकायला जाणारे बहुतेक प्रवासी तळ्यातला लाल विटांचा किल्ला पाहतात, लाकडी पुलावर छायाचित्रे काढतात, एखादा गरम किबिन, म्हणजे मटण भरून भाजलेली इथली करंजी, खातात आणि संध्याकाळी माघारी फिरतात. सप्टेंबरअखेरीस आम्ही दोघे गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी आम्हीही नेमके हेच केले. मात्र ते नाइलाजाने, कारण ज्यासाठी मुद्दाम आलो होतो ते कराईम या हिब्रू धर्मग्रंथ मानणाऱ्या, पण तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या छोट्या समाजाचे वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद होते. वार न पाहता निघण्याची चूक आमचीच होती आणि तिच्यापायी दुसरी खेप करावी लागली. मागून येणाऱ्यांनी बुधवार ते रविवार यांपैकी एखादा दिवस धरावा आणि ऋतूनुसार वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

विल्नियसचे रेल्वे स्थानक आणि बसस्थानक समोरासमोर आहेत. त्राकाय तिथून साधारण २८ किलोमीटरवर असून रेल्वेने किंवा बसने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. दोन्हींचे वेळापत्रक पाहून जी गाडी आधी सुटेल ती घ्यावी. त्राकायला उतरल्यावर वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही, कारण गावाचा मुख्य रस्ता सरळ उत्तरेकडे जातो आणि पुढे त्याचेच नाव कराईम रस्ता होते. रेल्वे स्थानकापासून किल्ल्यापर्यंतची चाल अडीच-तीन किलोमीटरची आहे, बसस्थानक त्या मानाने जवळ पडते. तळ्यावरचा वारा सप्टेंबरातही अंगाला झोंबतो, तेव्हा जाड जाकीट बरोबर असावे.

आमचा आग्रहाचा सल्ला असा की, सकाळी किल्ला न गाठता आधी या रस्त्यावर रेंगाळावे. दोन्ही बाजूंना तळी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर लाकडी घरांची रांग, असा इथला देखावा आहे. घरे रस्त्याला पाठ किंवा कूस देत नाहीत. त्यांची त्रिकोणी आढ्याची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि तिच्यात ओळीने तीन खिडक्या असतात. त्यांतली एक देवासाठी, एक घरच्यांसाठी आणि तिसरी लिथुएनियाचा जुना महाराजा व्हिताउतास याच्यासाठी, असे गावात सांगितले जाते. या कथेत इतिहास किती आणि आतिथ्य किती, हा भाग सोडला, तरी पिवळ्या रंगाच्या एका घरापुढे उभे राहून आम्ही खरोखरच खिडक्या मोजल्या आणि नंतर पुढची सहा-सात घरे मोजल्याशिवाय आम्हाला राहवले नाही. घरांमागे लांबट परसबागा आहेत. त्राकायच्या कराईमांची काकडी एके काळी दूरवर नावाजलेली होती.

व्हिताउतासाचे नाव इथे उगाच येत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३९७–९८च्या सुमारास, लिथुएनियाच्या या महाराजाने क्रिमियातून कराईम कुटुंबे आणून आपल्या त्राकायच्या किल्ल्याजवळ वसवली, असे परंपरा सांगते. पुढे १४४१ मध्ये लिथुएनियाचा महाराजा काझिमिएर याने त्राकायच्या कराईमांना माग्देबुर्ग पद्धतीचे नगराधिकार दिले, म्हणजे त्यांना आपला कारभार आपण चालवण्याची मुभा मिळाली. ‘कराईम’ हा शब्द वाचणे या अर्थाच्या हिब्रू धातूवरून आला आहे. हिब्रू धर्मग्रंथ मानायचा, पण त्यावरची तालमूद या ग्रंथात नोंदलेली ज्यू धर्मगुरूंची मौखिक परंपरा मानायची नाही, अशी या पंथाची भूमिका आहे. आणि तरीही घरची भाषा मात्र तुर्की कुळातली, क्रिमियाच्या तातारीला जवळची. पूर्वी ती हिब्रू लिपीत लिहिली जाई. एका पानावर हिब्रू अक्षरे आणि ओठांवर तुर्की शब्द, हे ऐकून आधी चमत्कारिक वाटते, पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या शनिवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंची, आठवण झाली की ते पचायला फारसे जड जात नाही. आज लिथुएनियात कराईम उरले आहेत ते जेमतेम दोनशे, आणि ही भाषा सहज बोलणारे तर अगदी मोजके.

संग्रहालयाची इमारत बसकी आणि छोटी आहे. घाईत असलेला माणूस ती ओलांडून पुढे निघून जाईल. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो सेराया शापशाल १८७३ मध्ये क्रिमियात बाख्चिसराय येथे जन्मला. पौर्वात्य भाषांचा हा पंडित तरुणपणी इराणच्या युवराजाचा शिक्षक होता. तो युवराज म्हणजे १९०७ साली गादीवर आलेला मोहम्मद अली शाह. पुढे शापशाल कराईमांचा सर्वोच्च धर्माधिकारी झाला, काही वर्षे इस्तंबूलमध्ये राहिला आणि १९२८ मध्ये विल्नियसला आला, तेव्हा हा सारा भाग पोलंडमध्ये होता. त्राकायच्या संग्रहालयाचे बांधकाम १९३८ मध्ये सुरू झाले, पण मध्ये महायुद्ध आले. शापशाल १९६१ मध्ये वारला आणि आजच्या प्रदर्शनाची सुरुवात १९६७ची आहे.

आत पाहायला मिळतात ती जुनी छायाचित्रे, भरतकामाचे कपडे, घरगुती भांडी, प्रार्थनेची पुस्तके आणि पूर्वेकडच्या देशांतून गोळा केलेली शस्त्रे. आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो तो छायाचित्रांपुढे. त्यांतल्या वृद्ध पुरुषांच्या डोक्यावर घट्ट बसणाऱ्या टोप्या आहेत, स्त्रियांच्या अंगावर चंदेरी कशिदा आहे आणि त्याच चौकटीत शेजारी शहरी कोट घातलेला एक तरुण अवघडून बसला आहे. सर्व पाहायला तासभर पुरतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवून पाहावे. संग्रहाचा गाभा शापशालने जमवलेला आहे, आणि कराईम हे वंशाने तुर्की आहेत, ज्यूंशी त्यांचे नाते केवळ ग्रंथापुरते आहे, हे मत त्याने आयुष्यभर हिरिरीने मांडले. विद्वानांत यावर आजही एकवाक्यता नाही. कट्यारी, पूर्वेकडचे कपडे आणि क्रिमियाच्या आठवणी इतक्या ठळक का आहेत, हे त्या मतावरून बरेचसे उलगडते.

या वादाला एक भीषण बाजूही आहे. १९३९च्या जानेवारीत नाझी जर्मनीतल्या एका सरकारी कार्यालयाने कराईमांना ज्यू धरू नये असे ठरवले, आणि युद्धकाळात त्राकायचे कराईम वाचले. त्यांचे ज्यू शेजारी वाचले नाहीत. ३० सप्टेंबर १९४१ रोजी त्राकाय येथे १,४४६ ज्यूंना ठार मारल्याची नोंद जर्मन तुकडीच्या अहवालात आहे, आणि त्यांतली ५९७ मुले होती. ही घरे आज रंगवलेली, राहती आणि खिडक्यांसह उभी दिसतात, तेव्हा शेजारची घरे कोणाची होती हा प्रश्न मनात घेऊनच रस्त्यावरून चालावे, असे आम्हाला वाटले.

संग्रहालयापासून चार पावलांवर कराईमांचे प्रार्थनामंदिर आहे. त्याला ‘केनेसा’ म्हणतात. चौकोनी, लाकडी आणि बाहेरून साधे असे हे मंदिर नेहमी उघडे असेलच असे नाही. आम्हाला ते बाहेरूनच पाहावे लागले. आतून पाहण्याची इच्छा असल्यास आधी विचारणा करून ठेवावी, आणि ते चालते प्रार्थनास्थळ आहे हे विसरून दारावर थापा मारू नयेत.

जेवणाचे म्हणाल तर किबिनला पर्याय नाही. आकार थेट आपल्या करंजीचा, आणि काठाला घातलेली मुरड पाहून घरच्या दिवाळीची आठवण यावी इतकी जुळणारी, फक्त हा ऐवज तळलेला नसून भट्टीत भाजलेला असतो आणि तळहाताएवढा मोठा असतो. आत सुरीने बारीक चिरलेले मेंढीचे मटण आणि कांदा असतो. खिमा यंत्रातून काढला की चव जाते, असे जाणकार सांगतात, आणि आम्हाला ते पटले. काटाचमचा बाजूला ठेवावा आणि टोकाकडून छोटा घास घेऊन आधी वाफ जाऊ द्यावी, नाहीतर आतला गरम रस सरळ मनगटावर ओघळतो. माझ्या बाहीवरचा डाग परतीच्या प्रवासापर्यंत साथीला होता. सोबत वाटीभर साधा रस्सा मिळाला तर जरूर घ्यावा. अनेक ठिकाणी गोमांसाचे किबिनही असतात, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी सांगताना स्पष्ट विचारावे. शाकाहाऱ्यांना पालक, अळंबी किंवा दह्यापासून केलेल्या ताज्या चीजचे प्रकार मिळतात, पण कणकेत कोणती चरबी आहे तेही विचारून घेतलेले बरे.

किल्ल्यासाठी दुपारनंतरचे दोन तास ठेवावेत. व्हिताउतास १४३० मध्ये याच त्राकायमध्ये वारला. आज दिसणाऱ्या भिंतींचा मोठा भाग मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या जीर्णोद्धाराचा आहे, हे कळल्यावर कराईम रस्त्यावरची वाकलेली लाकडी खिडकी अधिक जुनी वाटू लागते. दिवस लहान असलेल्या महिन्यांत, विशेषतः डिसेंबरात, चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी पकडावी आणि परतीच्या गाडीची वेळ उतरताच टिपून ठेवावी. विल्नियसला अर्धा दिवस हाताशी असेल, तर तिथल्या झ्वेरिनास भागातला घुमटाचा केनेसाही पाहून यावा. तो १९२३ मध्ये पूर्ण झाला, आणि त्राकायच्या लाकडी मंदिरानंतर त्याचे मूरिश वळण पाहून, दोन्ही एकाच समाजाची आहेत यावर आमचा क्षणभर विश्वास बसला नाही.