लहान गाडीला मोठ्या मॉडेलचे ब्रेक बसवताना

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. भरल्या गाडीत वारंवार जोरात ब्रेक मारले की साधी, भरीव डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी) लवकर तापते. अशा वेळी त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलची हवेशीर डिस्क, म्हणजे मधे हवा खेळायला पोकळी असलेली, बसवणं हा माझ्या मते सर्वांत शहाणा उपाय.

डिस्क जाड असल्याने कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) आणि तो धरणारा ब्रॅकेटही त्याच मॉडेलचे घ्या. आधी मोजा: बोल्टचा पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), हबचं (चाक बसतं त्या भागाचं) मधलं भोक, डिस्कची उंची, नकलवरच्या (हब आणि कॅलिपर धरणाऱ्या लोखंडी भागावरच्या) दोन बोल्टमधलं अंतर. 13 इंची रिममध्ये मोठा कॅलिपर बहुतेकदा घासतो. कॅलिपरमधला पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) फार मोठा असेल तर पेडल खोल जातं. मग मास्टर सिलिंडरही (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बदलावा लागतो.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर डिस्क डगमगते आणि पेडल थरथरतं. होजच्या (कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या नळीच्या) बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच हवेत. ब्लीडर निप्पल (कॅलिपरमधली हवा काढायचा स्क्रू) वरच्या बाजूला आलंय ना? खाली असेल तर कॅलिपर डावे-उजवे उलटे लागलेत. हवा कधीच निघणार नाही.

ब्रेक ऑइल डॉट 4 दर्जाचं घाला, सीलबंद डब्यातलंच. ते हवेतला ओलावा शोषतं. जुन्या बाजारातल्या कॅलिपरला नवी सील किट (रबरी सीलांचा संच) टाकल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.