फर्ग्युसनच्या वसतिगृहात लेकाचा प्रवेश: माझा अनुभव

कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहही मिळालं, असं अजिबात धरून चालू नका. अर्ज वेगळा, यादी वेगळी, पैसे वेगळे. फर्ग्युसनच्या यादीत लेकाचं नाव लागलं तेव्हा पेढे वाटून झाले, पण वसतिगृहाची यादी लागेपर्यंत जीव टांगणीला होता. तोवर कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती भाड्याची, एक जागा हेरून ठेवली होती. ते शहाणपणाचंच, पुण्यात जुलैत जागा शोधणं काय असतं, हे ज्याने शोधली त्यालाच ठाऊक.

सगळ्यात जास्त घाम काढला तो स्थानिक पालकाने. पुण्यात राहणारा, जबाबदारी घेणारा माणूस हवा. त्याची सही, फोटो, आधारची झेरॉक्स. माझा मावसभाऊ वारज्याला असतो. "सही करतो गं ताई, पण रात्री दोनला फोन आला तर मीच धावायचं ना?" असं म्हणत म्हणत केली बिचाऱ्याने.

रॅगिंगविरोधी हमीपत्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं. ते ऑनलाइन भरलं की ईमेलवर क्रमांक येतो, तो जपून ठेवा. वैद्यकीय दाखला आमच्या गावच्याच डॉक्टरांचा चालला.

मग शिस्तीचा कागद. नियम मोडल्यास वसतिगृहातून काढण्यात येईल, त्याखाली पालकाची सही. मला हसू आवरेना. याच वसतिगृहातून १९०५ साली विनायक दामोदर सावरकर नावाच्या विद्यार्थ्याला काढलं होतं! पुण्यात विदेशी कापडाची होळी केली म्हणून प्राचार्य रँग्लर परांजप्यांनी दहा रुपये दंड ठोठावला, वर खोलीही सोडायला लावली. आज पहिल्या ब्लॉकमधली त्यांची १७ नंबरची खोली जपून ठेवलेली आहे आणि २८ मेला, जयंतीच्या दिवशी, ती बघायला लोक येतात. सावरकरांबद्दल कुणाचं मत काहीही असो, ज्याला काढलं त्याच्याच खोलीचं कौतुक, ही गंमत मला भारी वाटली. लेकाला म्हटलं, "तू मात्र आधी डिग्री घे."

सामानाचं एवढंच सांगते: कुलूप स्वतःचं न्या, तीन किल्ल्यांचं. गादी पुण्यातच घ्या. आम्ही एसटीतून नेली, कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट फाडलं.