पुढची तारीख लांब आहे, पण मूल आज घाबरलंय

मुलाच्या ताब्याच्या प्रकरणांतले आईबाप मला हमखास विचारतात: "मूल तिकडे सुरक्षित नाही आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे. न्यायाधीशांना सरळ पत्र लिहू का?"

पत्र नको. एका बाजूने परस्पर पाठवलेल्या पत्रावर न्यायाधीश निर्णय देऊ शकत नाहीत, कारण दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ताच नसतो. पण तारखेची वाट बघत बसायचंही कारण नाही. चालू प्रकरणातच तातडीचा अंतरिम अर्ज, म्हणजे अंतिम निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा अर्ज, करता येतो. नोटीस पोहोचेपर्यंत थांबणंही धोक्याचं असेल, तर एकतर्फी आदेश मागता येतो. तो तात्पुरता असतो आणि समोरच्याचं म्हणणं नंतर ऐकलं जातं. भारतात १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १२ मध्ये मुलाच्या तात्पुरत्या ताब्याची आणि संरक्षणाची सोय आहे. घरगुती हिंसाचार असेल तर २००५ च्या कायद्यातली कलमं २१ आणि २३ उपयोगी पडतात. इतर अनेक देशांत नावं वेगळी असली तरी वाट साधारण अशीच आहे. मूल या क्षणी धोक्यात असेल तर मात्र आधी पोलीस आणि डॉक्टर, कोर्ट त्यानंतर.

खरी अडचण अर्जात काय लिहायचं ही असते. "ते मुलाचा सतत छळ करतात" हे वाक्य मी असंख्य प्रतिज्ञापत्रांत वाचलंय. ते खरं असलं तरी त्यावर न्यायाधीशांना काही करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: "रविवारी संध्याकाळी सातला मूल परत आलं. डाव्या दंडावर बोटांएवढे चार निळसर वळ होते. कपडे बदलताना ते आपणहून म्हणालं, 'बाबांनी ओढलं.' त्याच रात्री डॉक्टरांना दाखवलं, कागद जोडला आहे." स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि नुसता संशय, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. समोरच्याचं जुनं प्रेमप्रकरण, सासूचे टोमणे, पोटगीची थकबाकी यातलं काहीही या अर्जात घालू नका. तातडीच्या अर्जाला वेळ थोडाच मिळतो आणि तेवढ्यात मुलाच्या दंडावरचे वळ वाचले गेले पाहिजेत.

आणि कळकळीने सांगते, मुलाची उलटतपासणी घेऊ नका. "बाबांनी मारलं ना? कुठे मारलं? अजून काय केलं?" असे प्रश्न विचारत मोबाईलवर चित्रीकरण करणारे पालक मी पाहिलेत. त्यांची भीती मला कळते, पण त्यामुळे मुलाचाच शब्द डागाळतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेलं, मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांचं मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९९० मध्ये एकालाही शिक्षा न होता संपलं. लहानग्यांना उत्तर सुचवणारे प्रश्न कसे विचारले गेले, याच मुद्द्यावर तिथे मुलांच्या जबान्या ढासळल्या. मूल बोललं तर ऐका, "बरं झालं सांगितलंस" एवढंच म्हणा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेसह टिपून ठेवा. पुढचं विचारणं प्रशिक्षित माणसावर सोपवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क देतं. ते म्हणणं त्याचं स्वतःचं असावं.

मागणी करताना धोका जेवढा आहे तेवढंच मागा. कायमचा ताबा या अर्जात मागू नका. मुक्कामाची भेट थांबवा, भेट देखरेखीखाली ठेवा, समुपदेशकाकडून तातडीने अहवाल मागवा, अशी मागणी न्यायाधीश त्याच दिवशी मान्य करू शकतात. आदेश मिळेपर्यंत मूल न पाठवायचं ठरवलंत, तर कारण त्याच दिवशी लेखी कळवा आणि अर्ज लगेच दाखल करा. गुपचूप अडवून ठेवलंत, तर पुढच्या सुनावणीत चर्चा मुलाऐवजी तुमच्यावर सुरू होते.

अर्ज नामंजूर झाला की बरेच जण खचतात. पण अंतरिम आदेश मिळाला नाही, म्हणजे काही घडलंच नाही असा निकाल लागला असं नव्हे. आदेशाची प्रत घ्या, नेमकं काय कमी पडलं ते वकिलांबरोबर बसून वाचा, अपील करता येतं का ते विचारा. नवं काही घडलं तर नवा अर्ज करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.